ज्याचे मार्क त्याने

“धैर्य,” भय्यासाहेब वकिलांनी चष्मा सावरत विचारलं, “दहापैकी किती?”

“दहा मांडा जी,” ड्रिलमास्तर शालिग्राम म्हणाले. “कमी काहून सांगू?”

भय्यासाहेबांनी दहा मांडले. शेजारी बसलेल्या विष्णुपंत मास्तरांना हसू आवरेना. गेल्या पावसाळ्यात चौथीच्या वर्गात साप निघाला, तेव्हा हे धैर्यवान गृहस्थ टेबलावर चढून “पोरांनो, घाबरू नका रे” असं किंचाळत होते. आणि तो साप छत्रीच्या दांड्यावर घेऊन बाहेर कोणी टाकला? विष्णुपंतांनी. पण हे आपल्याच तोंडाने सांगायचं कसं? त्यांच्या घराण्यात असं बोलायची पद्धत नव्हती.

जबलपूरच्या नेपियर टाउनातल्या भय्यासाहेबांच्या बंगल्यात आज या दोघांतून मराठी शाळेचा नवा हेडमास्तर ठरायचा होता. भय्यासाहेब शाळेचे सेक्रेटरी. कलकत्त्याहून येताना ते मानसशास्त्राचं एक पुस्तक घेऊन आले होते आणि त्या नव्याचे नऊ दिवस अजून सरले नव्हते. माणसाला दुसऱ्याने जोखायचं हे आता जुनं झालं. ज्याने त्याने आपल्या स्वभावाला आपणच मार्क द्यायचे आणि ज्याचे जास्त त्याची खुर्ची, असा ठरावच त्यांनी कमिटीकडून करून घेतला होता.

ती खुर्ची विष्णुपंतांना हवी होती. अगदी मनापासून हवी होती. चपराशी बिडी ओढायला बाहेर गेला, की ते तिच्यात हळूच टेकून पाहत. त्यांच्या पत्नी शरयूबाईंनी तर सकाळीच ग्वारीघाटावर जाऊन नर्मदामाईला साडी बोलली होती.

“हं, विष्णुपंत. तुमचं धैर्य?”

“आपलं काय, भय्यासाहेब... चार मांडा.”

एवढं बोलून ते थांबले. कोणत्याही भल्या घरात यापुढे काय व्हायचं ते ठरलेलं असतं. समोरचा म्हणतो, अहो, भलतंच काय! आपण म्हणतो, नाही नाही, खरंच. तो म्हणतो, मी ऐकणार नाही. मग आपण नाइलाजाने आठावर यायचं आणि त्याने नऊ करायचे. पंगतीत पानावर हात आडवा धरतात तो बोटांत फट ठेवूनच. वाढणाऱ्याला ते कळतं.

भय्यासाहेबांनी चार मांडले.

“बुद्धी?”

“दहा,” शालिग्राम म्हणाले. एव्हाना त्यांनी बशीतली खव्याची जिलबी उचलली होती.

विष्णुपंतांनी विचार केला. चार हा आकडा तसा मधलाच. त्याने कोणी दचकत नाही. चूक आपलीच झाली. आणखी खाली गेल्याशिवाय या माणसाला आग्रह सुचायचा नाही.

“तीन,” ते म्हणाले आणि मान खाली घालून वाट पाहू लागले.

टाकाची कुरकुर ऐकू आली. तीन मांडले गेले.

“शिस्त?”

“दहा जी.” हा गृहस्थ घंटा झाल्यावर शाळेच्या फाटकात सायकलवरून उतरत असे.

“दोन!” विष्णुपंत जवळजवळ ओरडलेच. वर “खरं तर तेही जास्त होतात” असं जोडलं. आता तरी? भय्यासाहेबांनी कौतुकाने त्यांच्याकडे पाहिलं, डोळे मिचकावले, दौतीत टाक बुडवला आणि दोन मांडले.

विष्णुपंतांना घर आठवलं. शरयूबाई आता दाराशी येऊन उभ्या असतील. हा वकील इंग्रजी पुस्तकं वाचून माणसातून उठलेला आहे, याला रीत कळत नाही, हे त्यांना एकदाचं पटलं. आता शेवटचा गुण उरला होता. आता मात्र भीड भिकेची बहीण. खुर्ची हातची गेलीच होती, पण निदान एकदा तरी सरळ दहा म्हणायचं आणि मोकळं व्हायचं.

“नम्रता?”

“दहा,” शालिग्राम म्हणाले.

विष्णुपंतांनी घसा साफ केला, छाती भरून श्वास घेतला, ओठ उघडले. तेवढ्यात शालिग्रामच जिलबीच्या हाताने त्यांच्याकडे बोट दाखवत बोलले.

“अन् ह्यांचे बी पूरे दहा मांडा, भय्यासाहेब. ह्यांच्यासारखा नम्र मास्तर सगळ्या जबलपुरात नाही भेटणार. सच बोलून राहिलो.”

“मलाही तसंच वाटतं,” भय्यासाहेब म्हणाले. “पण नियम म्हणजे नियम, तुमच्या तोंडून यायला हवं. बोला, विष्णुपंत. मांडू ना दहा? संकोच करू नका, मी ऐकणार नाही हं.”

इतका वेळ ज्याची वाट पाहिली तो आग्रह आता दोन्ही बाजूंनी आला होता. विष्णुपंतांना गहिवरून आलं. जन्मभराचं वळण जिभेवर धावून आलं आणि ते हात जोडून म्हणाले, “छे छे, भय्यासाहेब! मी कसला नम्र! एक मांडा. एक.”

शब्द निघून गेल्यावर त्यांना कळलं की आपण काय केलं. तोवर टाक खाली ठेवला गेला होता.

बेरजेला वेळ लागला नाही. शालिग्राम चाळीस, विष्णुपंत दहा. शालिग्रामांनी उठून विष्णुपंतांना मिठी मारली. त्या भल्या माणसाच्या मनात कपट नव्हतं; आपण खरोखरच चाळीस मार्कांचे आहोत, असं त्यांना वाटत होतं. विष्णुपंतांनी त्यांचं अभिनंदन केलं, “योग्य माणसाची निवड झाली” असंही म्हणाले, आणि टोपी शोधू लागले. टोपी डोक्यावरच होती. घरी जाऊन शरयूबाईंना काय सांगायचं?

भय्यासाहेब त्यांना पोचवायला फाटकापर्यंत आले. तिथे त्यांनी विष्णुपंतांचे दोन्ही हात हातात घेतले.

“विष्णुपंत, पुस्तकात लिहिलंय, स्वतःला नेमकं ओळखणारा माणूस लाखात एखादा. तो आज मी पाहिला.”

“छे छे, भय्यासाहेब,” विष्णुपंत सवयीने म्हणाले, “मी कुठला ओळखतो स्वतःला!”