दुपारची बेल

‘दुपारी एक ते चार बेल वाजवू नये’ ही पाटी निरंजननेच दारावर लावली होती. तरी त्याच्या बायकोला, केतकीला, रोज भर दुपारी बेल ऐकू यायची. त्याने बेलची वायर कापली, तरीही. शेवटी डॉक्टरांनी भासांवरच्या गोळ्या दिल्या.

बेल थांबली. पण अंग सुटलं, हात थरथरू लागले, आणि हिंजवडीची नोकरी गेली.

“गोळ्या बंद करू का रे?”

“म्हणजे पुन्हा बेल ऐकत बसायला मोकळी! त्यापेक्षा थरथरणारे हात परवडले.”

एका दुपारी मात्र निरंजनच वैतागून उठला. “पाटी वाचता येत नाही का लोकांना?”

केतकीला काहीच ऐकू आलं नव्हतं. त्याने दार उघडलं. तिला बाहेर नुसता रिकामा जिना दिसला.

निरंजन हसून बाजूला सरकला. “या ना, आत या. ती घरीच असते हल्ली.”