वखराची पास

अमरावतीच्या मैदानावर परदेशी रायडर मातीच्या रिंगणात मोटारसायकली पळवायला आले होते. या शर्यतीत गाडीला ब्रेक नसतो. वळणावर डावा पाय मातीत घासत न्यायचा. सकाळच्या सरावात पोलंडच्या पोराच्या बुटाखालची लोखंडी पट्टी तुटली. वेल्डर गुलफाम थेट सूर्यभानच्या गोठ्यात आला. "काका, तुमच्या वखराची पास पायजे. कापा लागते." सूर्यभाननं रिकाम्या दावणीकडे पाहिलं. बैल विकल्यापासून ते पातं गंजत पडलं होतं. "ने," म्हणाला आणि त्याच्यामागं शर्यत बघायला गेला. संध्याकाळी तेच पातं बुटाला लावून पोरगा पहिला आला आणि दुभाष्याकरवी आभार मानू लागला. सूर्यभान खाली बसला, पोराच्या बुटाचा तळ अंगठ्यानं पुसला. गंज गेला होता. लोखंड चांदीवानी चकाकत होतं. "उपकार त तुये हायेत, बापू," म्हणाला, "लय दिसानं माही पास मातीत फिरली."