पाचवं इंजिन

ही २०५८ सालची गोष्ट. तेव्हा नव्या इंजिनाची चाचणी घ्यायला ते मोठ्या प्रवासी विमानाला पाचवं म्हणून जोडत आणि प्रवाशांना फुकट नेत. पूर्वी अशा विमानात फक्त ते इंजिन सुरक्षित आहे अशी सही करणारेच बसत.

त्या सकाळी चौऱ्याऐंशी प्रवासी चढल्यावर मुख्य तंत्रज्ञ इंदुमती आगाशे शिडीवरच बसली. संचालक निरगुडकर धावत आले.

"आगाशेबाई, उठा. उशीर होतोय."

"सही तुमची आहे ना साहेब? मग चढा. खिडकीजवळची जागा ठेवलीय."

"मला बैठक आहे."

"वर घ्या की. ऐकायला माणसं भरलीच आहेत तुम्ही."

दारातले प्रवासी हसले. निरगुडकरांनी पंखाखालच्या इंजिनाकडे पाहिलं, मंजुरीचा कागद मागवला आणि स्वतःची सही खोडली. तेव्हा हसू थांबलं. एकेक करून सगळे उतरले.

इंदुमतीला आठवड्यात काढून टाकलं. ती आता शाळेतल्या मुलींना पाना धरायला शिकवते. निरगुडकरांना बढती मिळाली. ते इंजिन महिन्याभरात दुसऱ्या भरलेल्या विमानाला लागलं. त्यावर सही यंत्राने केली होती, आणि यंत्राला खिडकीजवळ बस म्हणता येत नाही.