कापायचे राहिलेले एकोणीस

“श्वास धरा. हलू नका,” एक्स-रेवाले पुटपुटले आणि त्यांनी बटण दाबलं. पक्षी हलला. फोटोत नुसती फांदी आली.

“भावजी, तो पक्षी आहे, पेशंट नाही,” मेहुणी म्हणाली.

एक्स-रेवाले हसले नाहीत. बत्तीस वर्षं दवाखान्याच्या तळघरात त्यांनी माणसांच्या हाडांचे फोटो काढले, तिथलं कोणी कधी उडून गेलं नव्हतं. इथं बागेत सकाळपासून सहा फांद्या जमा झाल्या होत्या. नवी पालवी दाट होती. पक्षी हाका मारत होते, दिसत नव्हते.

मेहुणी काही पक्षी बघायला आली नव्हती. तिला तिच्या ताईचा एक फोटो हवा होता. ताई जाऊन पाच आठवडे झाले होते.

“फ्रेम मी आणून दिली त्यालाच महिना झाला,” ती म्हणाली. “काल येऊन बघते तर आत दुकानातलाच फोटो. कोण कुठली बाई, पांढरी टोपी घालून तुमच्या हॉलमध्ये हसतेय.”

“सवय झाली तिची.”

“भावजी!”

“लग्नातला लाव ना एखादा.”

“त्यात मेकअपखाली ताई सापडत नाही. ओळखपत्रावरचा लावला तर पाकीटमार वाटेल. मोबाइलमध्ये आम्ही सगळे आहोत, काढणारी तीच. सहा वर्षं दर रविवारी तिला घेऊन इथं येत होतात, गळ्यात एवढा कॅमेरा. एक तरी काढला असेल!”

“बघू,” ते म्हणाले आणि सातव्या फांदीकडे वळले.

तळ्याच्या वळणावर लांबनळी भेटले. ज्याची लेन्स लांब त्याचा आवाज मोठा, असा या बागेचा हिशेब, आणि लांबनळींची लेन्स सगळ्यांत लांब. दोन महिने ते मुलाकडे राहून आले होते. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं.

“काय एक्स-रे, आज बोट दाखवायला कोणी नाही वाटतं?”

मेहुणीने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. तेवढ्यावरून त्यांना कळलं. शहाणा माणूस निमूट पुढं गेला असता. लांबनळी भरपाई करायला थांबले.

“अरेरे... वहिनींची नजर म्हणजे... आणि तुमचे फोटो! एकदम स्वच्छ. मध्ये काही म्हणून काही नाही.”

“हो,” एक्स-रेवाले म्हणाले.

पुढच्या बाकावर मेहुणीने कॅमेऱ्याचा पट्टा त्यांच्या मानेतून काढला. ‘गळ्यातलं काढा’ असं सांगण्यात हयात गेलेल्या माणसाने तो मुकाट्याने काढू दिला. ती एकेक फोटो मागे ढकलत गेली. आजच्या सात फांद्या. मग ताईचा शेवटचा रविवार.

“हे काय कोपऱ्यात?”

उजव्या कोपऱ्यातून एक बोट फोटोत घुसलं होतं. धूसर, पेरापाशी जरा वाकडं, पक्ष्याकडे रोखलेलं. पुढच्या फोटोतही होतं. त्याच्या पुढच्यातही.

“ते अजून कापायचे राहिलेत,” एक्स-रेवाले म्हणाले. खिडकीतून रिपोर्टची पाकिटं देताना लावायचे तोच आवाज. “घरी गेलो की संध्याकाळी कम्प्युटरवर कापतो मी. मला आपला आपण पक्षी दिसत नाही ना. ती दाखवायची. मी म्हणायचो, बोट काढ. ती म्हणायची, काढलं तर तुम्ही भलतीकडेच बघाल.”

“किती आहेत हे?”

“एकोणीस. दुपारीच तिला दवाखान्यात न्यावं लागलं. संध्याकाळचं राहून गेलं.”

“आणि आधीचे? सहा वर्षांचे?”

“कापले.”

“न कापलेले ठेवले असतील की कुठंतरी.”

“ठेवून काय करायचं? जागा अडते.”

मेहुणी बटण दाबत एकोणिसाव्यावर आली. तिथं पक्षी निघून गेला होता. फांदी होती, आणि बोट होतं.

“हा द्या.”

“यात पक्षी नाही.”

“दिसतंय मला.”

“आडवा आहे. फ्रेम तू उभी आणलीस.” ते स्क्रीनकडे बघत राहिले. “जरा कापला तर उभ्यात बसेल...” एवढं बोलून ते थांबले.

“फ्रेम आडवी ठेवू,” मेहुणी म्हणाली.

तेवढ्यात डोक्यावर पक्षी ओरडला, अगदी जवळ. दोघांनी एकदमच माना वर केल्या आणि दोघं दोन वेगवेगळ्या झाडांकडे बघत राहिले.