विमानाचं पोट

सुरतेच्या हँगरमधल्या छोट्या विमानाचं पोट पुसायचं काम उधन्याच्या सुंदराबाईचं. इंजिन श्वास सोडायचं, त्यातलं वाफेसारखं तेल नळीतून बाहेर पडून पोटाला चिकटायचं. पूर्वी एका फडक्यात भागायचं, यंदा रोज चार लागायला लागली. मग शेठनं विमान विकायला काढलं आणि त्या नळीला एक डबा बसवून घेतला. दुसऱ्या दिवसापासून पोट लख्ख.

"तेल गेलं कुठं रे भाऊ?" तिनं मेकॅनिक वाल्मिकला विचारलं.

"डबा ते धरतो आणि परत इंजिनात सोडतो, मावशी."

"ते असू दे. पण इंजिन एवढं तेल बाहेर टाकत का होतं?"

वाल्मिकनं शेठच्या केबिनकडं पाहिलं. "मला नोकरी करायचीय. एखाद्या जाणत्याला विचार."

शनिवारी विमान घ्यायला नाशिकचे साहेब आले. वाकून त्यांनी पोटावरून बोट फिरवलं. बोट कोरडंच. "माझी मुलगी यावरच शिकणार," म्हणत त्यांनी सहीसाठी पेन काढलं.

जाणता माणूस, त्यात मराठी बोलणारा. सुंदराबाईला राहवलं नाही. "साहेब, डबा बसवायच्या आधी माझी रोज चार फडकी तेलानं भरायची. ती कशानं?"

"जवा दो ने साहेब, एने शुं खबर पडे," शेठ घाईनं गुजरातीत म्हणाले, सोडा हो, हिला काय कळतंय.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "एवढं तेल झिजलेलं इंजिनच टाकतं. आधी ते उघडून दाखवा."

वाल्मिकनं पाना केव्हाच हातात घेऊन ठेवला होता.