लांबचं सासर

समोरच्या घरातल्या शेजारणीने खिडकीतूनच आजोबांच्या हातात कॉफी दिली आणि आपल्या मुलासाठी लमीसला मागणी घातली.

"छे!" आजोबा ताडकन म्हणाले. "तुमचं गाव समुद्रकाठी, आमचं डोंगरात. एवढ्या लांब नात द्यायची?"

लमीसला हसू आवरेना. दोन्ही गावं कधीच जमीनदोस्त झाली होती. आजोबासुद्धा दुपट्यात असतानाच या पॅलेस्टिनी निर्वासितांच्या छावणीत आले होते. तरी सोयरिकीत पहिला प्रश्न गावाचाच!

अखेर ते तयार झाले, पण वरात रीतसर लांबून न्यायची, या अटीवर. ढोल वाजवत, सगळी छावणी फिरून, नवरी समोरच्या घरात शिरली.

तिने खिडकी उघडली. हातभर अंतरावर आजोबा वाट बघत उभे होते.

"पोचलीस सुखरूप? समुद्र दिसतो का गं तिथून?"