काळजाचा देठ

कोंडाजी बायको सुंदराशेजारी बसून भिजवलेले वाल सोलत होता. कळंबात पुरुषमाणूस बिरडं सोलायला बसत नाही, पण हाँगकाँगहून परतलेल्या माणसाला कोण काय बोलणार? बोटीवरचा खलाशी, लढाई पेटली आणि तिकडेच अडकला. होडीत राहणाऱ्या एका चिनी म्हातारीनं ठेवून घेतला, म्हणून वाचला.

घरी आला तेव्हा मुलगा तापानं गेल्याला दोन वर्षं झाली होती. गेलेल्या पोराचं नाव घेतलं की त्याचा जीव उंबऱ्यात अडकतो, असं कोंडाजीची आई बायजा म्हणायची. तेव्हा सुंदरानं नाव घेतलं नाही आणि त्यानंही विचारलं नाही. नवराबायको आपली गुराढोरांचं बोलत राहिली.

"तिकडची लोकं बोलत्यात कशी?" सुंदरानं विचारलं.

"लय मजेचं. राग आला की डोळ्यांत जाळ फुटला म्हनत्यात. आनंद झाला की उडालो म्हनत्यात. म्हातारी मला शिकवायची."

"आनि तुमी शिकलात?"

"करतो काय? गप बसलं की घर आठवायचं."

सुंदरा हसली. मग परातीत बघत म्हणाली, "पोराला काय म्हनत्यात?"

कोंडाजीचे हात थांबले.

"लाडानं सम कॉन तिंग म्हनत्यात. म्हंजी काळजाचा देठ. मी रोज म्हनायचो गं. हितं पोर हाय, असं समजून."

सुंदरानं शब्द म्हणून पाहिले. चुकले.

"पयले दोन उंच. मग खाली उतर."

तिनं पुन्हा म्हटले. या खेपेला जमले, आणि तिला रडू आवरेना. दोन वर्षं दाबून ठेवलेलं रडू, ते वालांवर पडत राहिलं.

ओसरीवर वाती वळत बसलेल्या बायजानं मान वर केली. "काय चाललंय गं?"

सुंदरानं घाईघाईनं डोळे पुसले. "काय नाय, आत्याबाय. चिनी शिकतेय."

बायजा वाती बाजूला सारून, गुडघ्यावर हात टेकत उठली आणि त्या दोघांच्या मधे येऊन बसली. मूठभर वाल तिनं पुढ्यात ओढले.

"मी काय बहिरी नाय," ती म्हणाली. "पयल्यापासनं सांग रं. हळू सांग. मला बी म्हनायचंय."